नियम बदला, पण मैदानावर नको

लगोरी खेळलेल्या प्रत्येकाला एक भांडण तोंडपाठ असतं. चेंडू लागला की नाही लागला? "शर्टाला घासला, अंगाला नाही." "आईशप्पथ नाही लागला." आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबो स्पर्धा म्हणजे एबीयू रोबोकॉन. तिचं २०२२ चं यजमानपद दिल्लीकडे आलं आणि भारताने खेळाचा विषयच लगोरी ठेवला, तेव्हा हे भांडण यंत्रांच्या मैदानातही येणार हे उघड होतं. धावत्या रोबोला चेंडू निसटता लागला, तर पंचाने ते ठरवायचं कसं? रूलबुक लिहिणाऱ्यांनी काढलेला तोडगा मला आजही भारी वाटतो. लगोरी रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावर एक चेंडू ठेवायचा. समोरच्यांनी चेंडू मारून तो पाडला, की रचणाऱ्यांचा डाव संपला. रोबोला कुठे लागलं, किती जोरात लागलं, हा प्रश्नच उरत नाही. चेंडू डोक्यावर आहे की जमिनीवर, एवढंच बघायचं, आणि ते प्रेक्षकांतल्या शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

चांगल्या नियमाची माझी व्याख्या एवढीच आहे. वादाचं रूपांतर डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीत करतो तो चांगला नियम. पण असा नियम पहिल्या फटक्यात क्वचितच सुचतो. तो चुकत, दुरुस्त होत घडतो. माझं म्हणणं त्या दुरुस्तीबद्दल आहे, कारण आपल्याकडे नियम लिहिण्याची थोडीफार चर्चा होते, पण ते कधी आणि कसे बदलायचे याची जवळजवळ होतच नाही.

हा प्रश्न आता चार इंजिनिअरिंग कॉलेजांपुरता राहिलेला नाही. नीती आयोगाच्या योजनेतून देशभरातल्या शाळांमध्ये १०,००० अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. तालुक्याच्या ठिकाणची आठवी-नववीतली मुलं लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरच्या पट्टीमागे आपोआप चालणारा रोबो, बनवतात आणि जिल्ह्याच्या स्पर्धेला जातात. स्पर्धेच्या नियमांशी त्यांची पहिली गाठ तिथे पडते. नियम म्हणजे मोठ्या माणसाच्या मनात त्या क्षणी येईल ते, असं तिथे शिकलेलं मूल ते आयुष्यभर विसरत नाही.

एका कॉलेजच्या टेकफेस्टमध्ये पाहिलेला प्रसंग सांगतो. नियम होता, बॉट २५ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकटीत बसला पाहिजे. आयोजक पुठ्ठ्याचा खोका घेऊन बसले होते. बॉट खोक्यात गेला की पास. दुसऱ्या वर्षाच्या एका टीमचा बॉट खोक्यात व्यवस्थित बसला, पण फेरी सुरू झाल्यावर त्याचे हात छत्रीसारखे उघडले आणि त्याने दुप्पट जागा कवेत घेतली. मैदानावरचे सगळे ठोकळे दोन खेपांत गोळा. फेरी संपल्यावर आयोजकांची कुजबुज झाली आणि टीम डिस्क्वालिफाय. का, तर "हे नियमाच्या स्पिरिटमध्ये बसत नाही". रूलबुकात "सुरुवातीला" हा शब्द नव्हता, तसा "पूर्ण वेळ" हाही नव्हता. म्हणजे चूक लिहिणाऱ्याची आणि शिक्षा वाचणाऱ्याला. त्या मुलांनी रूलबुक बाकीच्या सगळ्यांपेक्षा नीट वाचलं होतं, हाच त्यांचा गुन्हा.

नियमाचं स्पिरिट हा शब्दप्रयोग मला संशयास्पद वाटतो. कागदावर नसलेली गोष्ट एकाच्या मनात असते आणि दुसऱ्याने ती ओळखावी अशी अपेक्षा असते. पुढे जाऊन ही मुलं टेंडरची कागदपत्रं वाचणार आहेत, करार वाचणार आहेत. तिथे कोणी मनातलं ओळखायला सांगत नाही. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनच्या नियमपुस्तिकेत तर अनेक वर्षं स्पष्ट बजावलेलं असायचं की मजकुराचा अर्थ जेवढा लिहिला आहे तेवढाच घ्या. आमच्या मनात काय असेल, मागच्या वर्षी काय होतं, यावरून तर्क लढवू नका. मला ही भूमिका धाडसी वाटते. कारण ती घेतली की शब्द चुकल्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

आणि त्यांचे शब्द चुकलेही. १९९२ पासून चालणाऱ्या या शाळकरी मुलांच्या स्पर्धेत दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. तो आधी खऱ्या अर्थाने कोणी खेळलेला नसतो. नियम लिहिणारे मोजके आणि वाचणारी हजारो डोकी, त्यातली निम्मी रात्री जागणारी. भोक सापडणारच. २०१० चा खेळ फुटबॉलच्या धर्तीवर होता. गोल झाला की तो चेंडू मैदानाच्या मध्यावरच्या मनोऱ्यावरून पुन्हा खेळात सोडला जायचा. मिशिगनच्या ४६९ क्रमांकाच्या टीमने विचार केला, चेंडूमागे धावायचंच कशाला? तो जिथून परत येतो तिथेच उभं राहू. त्यांचा रोबो मनोऱ्याखालच्या बोगद्यात जाऊन थांबायचा आणि वरून पडणारा चेंडू अंगावर घेऊन आपल्या गोलकडे वळवायचा. गोल झाला की तोच चेंडू परत वर, परत याच्या अंगावर, परत गोल. चक्र एकदा सुरू झालं की बाकीच्या रोबोंना फारसं कामच उरत नाही.

आपल्या त्या टेकफेस्टचे आयोजक तिथे असते तर पहिल्याच दिवशी "स्पिरिट" बाहेर निघालं असतं. स्पर्धेने मात्र ४६९ ला खेळू दिलं. बाकीच्या टीम डोकं खाजवत बसल्या: या रोबोला बोगद्यात शिरण्याआधी अडवायचं कसं, चेंडूच त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत का, शिरलाच तर तिथून हलवायचा कसा. अटलांटातल्या अंतिम लढतीत ४६९ ची आघाडी, म्हणजे एका बाजूने खेळणारा तीन टीमचा गट, उतरली आणि हरली. जिंकली ती मिशिगनचीच ६७ क्रमांकाची टीम, १७७ आणि २९४ या साथीदारांसह. पळवाटेचं उत्तर मैदानावर मुलांनी शोधलं, नियम करणाऱ्यांना बोटही उचलावं लागलं नाही. नियम मध्येच बदलला असता तर ४६९ ची कल्पना वाया गेली असती, आणि तिच्यावर उतारा शोधणाऱ्यांचं शिक्षणही.

त्याच वर्षी दुसरं एक भोक निघालं, आणि तिथे स्पर्धेने वेगळं केलं. क्रमवारीचे गुण असे ठेवले होते की जिंकणाऱ्याला स्वतःच्या गुणांबरोबर हरणाऱ्याच्या गुणांचाही मोठा वाटा मिळे, आणि हरणाऱ्याला जिंकणाऱ्याचे गुण मिळत. हेतू चांगला होता, प्रतिस्पर्ध्याला चिरडू नका. पण हुशार मुलांनी हिशेब मांडला: सहाही रोबोंनी एकाच बाजूने गोल केले तर दोन्ही बाजूंचा फायदा. काही सामन्यांत तसंच झालं. एक बाजू मुद्दाम शून्यावर, सगळे मिळून दुसऱ्या बाजूसाठी गोल करताहेत. प्रेक्षकांत आईवडील बसलेले, त्यांना कळेना कोण कोणाविरुद्ध खेळतंय. यावर हंगाम चालू असतानाच जिंकणाऱ्याला थोडे जादा गुण देण्याचा बदल आला.

माझ्या मताच्या हे विरुद्ध जातं, हे मान्य. हंगामाच्या मध्यात बदल नको म्हणणारा मी, आणि इथला बदल मला अर्धा पटतो. अर्धा अशासाठी की तो लिखित होता, सगळ्यांना एकाच वेळी कळवला होता आणि झालेल्या सामन्यांचे निकाल त्याने फिरवले नाहीत. कोण्या एका टीमकडे बोट दाखवून तो केलेला नव्हता. न पटणारा अर्धा भाग असा, की पहिल्या आठवड्यांत खेळलेल्या टीम एका नियमाने खेळल्या आणि नंतरच्या दुसऱ्या. ही खोट राहतेच. खेळच खेळ राहिला नाही अशी वेळ आली तरच ती पत्करावी. एका टीमच्या हुशारीने दुसऱ्या टीमचे पालक चिडले, ही ती वेळ नव्हे. सुरक्षेची गोष्ट अर्थातच निराळी. कोणाच्या एअर टँकचा दाब मर्यादेबाहेर गेला किंवा धारदार पाती उघडी राहिली, तर पंचाने तिथल्या तिथे सामना थांबवावा. त्यावर चर्चा नको.

बाकी पळवाटा हंगामानंतर बुजवाव्यात, आणि तशा त्या बुजतातही. २००२ च्या फर्स्टच्या खेळात तीन मोठे फिरते गोल होते. इंडियानातल्या हॅमंड गावच्या ७१ क्रमांकाच्या टीमच्या रोबोने ते तिन्ही पकडले आणि मग चाकं सोडून पाय टेकले. पायांना काय, तर वर्कशॉपमध्ये कानस साफ करायचा तारेचा ब्रश. त्या तारा कार्पेटमध्ये अशा रुतायच्या की दोन-दोन रोबो ढकलायला आले तरी हा हळूहळू चालतच राहायचा. ती टीम त्या वर्षी विजेत्या आघाडीत होती. विजेतेपद कोणी काढून घेतलं नाही. पण आजचं रूलबुक उघडा: चाकांवर किंवा पायांवर धातू, सँडपेपर, कडक प्लास्टिकचे खिळे, वेल्क्रो असलं मैदान खराब करणारं काही चालणार नाही, अशी यादी सापडते. नव्या मुलाला वाटतं, सँडपेपर कोण लावेल चाकाला? अरे बाबा, अशा यादीतला शब्द उगाच येत नाही.

म्हणून मला वाटतं की नियमाशेजारी त्याचं कारण छापलेलं असावं. फर्स्टच्या पुस्तिकेत निळ्या चौकटीत असे खुलासे असतात: हा नियम कशासाठी आहे, काय चालेल, काय नाही. नियमापेक्षा मी त्या चौकटी जास्त आवडीने वाचतो. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांचं रूलबुक म्हणजे मागच्या वर्षीची फाइल, तारीख बदललेली. कोणता नियम कधी आणि का आला हे सांगणारे सीनियर पास होऊन गेलेले असतात.

भोक बुजवताना अति केलं तरी फसतं. २०१५ साली फर्स्टने मैदानाच्या मध्ये पायरी घालून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. कोणी कोणाला अडवायचं नाही, आपापली खोकी रचायची. पण त्या पायरीवर दोन्ही बाजूंच्या मध्ये चार मोठे कचऱ्याचे डबे ठेवले होते आणि रचलेल्या थरावर ते बसवले की गुण चांगलेच वाढायचे. झालं. सगळी झुंज त्या चार डब्यांवर येऊन थांबली. स्प्रिंगच्या, रबराच्या ताणाने झेपावणारे हात बनले. मोठ्या टीमच्या सामन्यांत पापणी लवायच्या आत डबे उचललेले असायचे आणि निकालाचा बराच भाग तिथेच ठरलेला असायचा. टक्कर नको म्हणून केलेल्या नियमाने टक्कर एका क्षणात कोंबली.

सगळ्यात बोलका बदल मात्र खेळाचा नाही, वेळेचा आहे. फर्स्टमध्ये रोबो बनवायला साधारण ६ आठवडे मिळत. मुदत संपली की रोबो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तिला नंबरचं सील लावायचं आणि स्पर्धेपर्यंत हात लावायचा नाही. सगळ्यांना सारखा वेळ. कागदावर याहून समान काय असेल? प्रत्यक्षात ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी दोन रोबो बनवले. एक पिशवीत, दुसरा वर्कशॉपमध्ये. दुसऱ्यावर ड्रायव्हर सराव करायचे, कोड सुधारायचा, आणि ठरावीक वजनाचे सुटे भाग बरोबर न्यायची परवानगी होती, ते भाग स्पर्धेच्या ठिकाणी पहिल्या रोबोवर चढायचे. गरीब टीमचा एकुलता एक रोबो पिशवीत पडून. २०२० च्या हंगामापासून हा नियम काढून टाकला.

तेव्हा एक आक्षेप होता, तो वजनदार आहे: मुदत संपल्यावर तरी शिक्षक आणि मेंटर घरी जेवायला जात होते, आता तेही गेलं. दमछाक खरीच आहे. तरी काढला हे बरं झालं, असं माझं मत. पैसे असले की ओलांडता येते अशी मर्यादा फक्त पैसे नसलेल्यालाच अडवते, आणि वर समतेचं सर्टिफिकेट वाटते. आपल्याकडे "बजेट अमुक रुपयांच्या आत" असा नियम दिसला की मी हाच प्रश्न विचारतो. बिलं कोण तपासणार? ज्या कॉलेजात स्वतःचा लेथ आणि लेझर कटर आहे, त्याच्या बिलात मजुरी शून्य. बाहेरून भाग कापून आणणाऱ्या कॉलेजचं निम्मं बजेट तिथेच जातं. मग नियम पाळणारा कोण आणि फसलेला कोण?

रोबोकॉन ही या सगळ्यात आपल्या जवळची. २००२ साली टोकियोत सुरू झाली, दरवर्षी यजमान देश आपल्या मातीतला खेळ देतो. पुण्याला ती दोनदा झाली. २००८ ला गोविंदा, म्हणजे उंच टांगलेल्या हंडीतलं लोणी रोबोंनी काढायचं. २०१४ ला पालक रोबोने मूल रोबोला उचलून सी-सॉ, झोपाळा, जंगल जिमवर न्यायचं. राष्ट्रीय फेरीही वर्षानुवर्षं बालेवाडीला व्हायची, त्यामुळे महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या दोन पिढ्या तिच्या रूलबुकांवर वाढल्या. या स्पर्धेचं बळ तिच्या बंधनांत आहे. २०१६ ला बँकॉकमध्ये एक रोबो असा मागितला होता की त्याला स्वतःला पुढे ढकलणारी मोटार असता कामा नये. दुसऱ्याने स्पर्श न करता, वाऱ्याने किंवा चुंबकाने त्याला हाकायचं. २०१९ ला उलानबातरमध्ये दोनपैकी एका रोबोची चाकं काढून घेतली आणि त्याला चार पायांवर चालायला सांगितलं. असा नियम आला की पहिला प्रश्न येतो, पाय कशाला म्हणायचं? फिरत्या दांड्याला चार काठ्या जोडल्या तर तो पाय की चाक? असे प्रश्न लेखी विचारायची आणि सगळ्यांना दिसतील अशी उत्तरं द्यायची सोय म्हणजे एफएक्यू. जुने रोबोकॉनवाले सांगतील, रूलबुकापेक्षा एफएक्यूच्या फाइलची पारायणं जास्त व्हायची.

रोबोकपची तऱ्हा निराळी. १९९७ ला नागोयात सुरू झालेल्या रोबोंच्या त्या फुटबॉलमध्ये खेळ तोच राहतो, ध्येय ठरलेलं: २०५० च्या सुमाराला यंत्रांच्या टीमने माणसांच्या जगज्जेत्या टीमला हरवायचं. मग दर थोड्या वर्षांनी एकेक कुबडी काढून घेतात. मैदानाभोवतीच्या भिंती गेल्या, रंगीत गोलपोस्ट पांढरे झाले, ओळखायला सोपा भगवा चेंडू जाऊन साधा काळा-पांढरा आला. बदलाची दिशा माहीत असल्यामुळे तिथे नवा नियम कोणाला दगा वाटत नाही. आपल्या लाइन फॉलोअरवाल्यांनी हे उचलायला हरकत नाही. वर्षानुवर्षं पांढऱ्या फ्लेक्सवर तीच काळी पट्टी. पुढच्या वर्षी पट्टी तुटक असेल, त्याच्या पुढच्या वर्षी उन्हात असेल, हे आज जाहीर करून टाका.

पुढचं भांडण तर दारात आहे. कोड एआयने लिहिलेला चालेल का? "कोड विद्यार्थ्यांनीच लिहिलेला असावा" असं वाक्य रूलबुकांत येऊ लागेल, आणि ते शर्टाला घासलेल्या चेंडूच्या जातीचं आहे. पंचाला ते दिसणारच नाही. यातून मार्ग वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड या मुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांत सापडतो. तिथे लहान मुलांना कित्येक वर्षं सुट्या भागांपासून, सूचनांचा कागद न बघता, स्पर्धेच्या ठिकाणीच रोबो जोडावा लागायचा. म्हणजे घरी बाबांनी बनवला का, या चौकशीची गरज नाही. शिवाय स्पर्धेच्या सकाळी सगळ्यांना एकदमच एक नवीन अट सांगतात, सरप्राइज रूल. मैदानावर बदललेला असा नियम मला चालतो, कारण तो येणार हे आधीच लिहिलेलं असतं आणि तो कोणाच्या तोंडाकडे बघून केलेला नसतो. एआयच्या प्रश्नालाही हेच लावा. कोड कुठूनही आणा. सकाळी नवी अट मिळेल, तास-दीड तास मिळेल, खोलीत इंटरनेट नसेल आणि मेंटर बाहेर बसतील. ज्याला आपल्या कोडमधली कोणती ओळ बदलायची ते कळेल, त्याचा बॉट चालेल.